पहिल्या नंबरच्या बातम्या वाचताना

तुमचे दोन प्रश्न आहेत. फोनच्या बाजारात एकाच तिमाहीत एक संस्था सॅमसंगला पहिला नंबर देते आणि दुसरी ॲपलला, तर खरं कोणाचं मानायचं? आणि बाजारातला वाटा घसरत चाललेल्या कंपनीचा फोन घ्यावा का? फोनच्या घाऊक वितरणात मी अकरा वर्षं काढली, त्यामुळे हे आकडे जिथे तयार होतात ती जागा आतून पाहिलेली आहे.

आयडीसी, काउंटरपॉइंट अशा बाजार मोजणाऱ्या संस्थांच्या नावाने बातम्यांत येणारे आकडे बहुतेक वेळा शिपमेंटचे असतात. कंपनीने पुढे किती माल रवाना केला एवढं त्यातून कळतं, गिऱ्हाइकाने खोकं उघडलं की नाही ते कळत नाही. तिमाही संपत आली की कंपनीच्या माणसांचे आम्हाला फोन यायला लागायचे. "टार्गेट अडकलंय, थोडा माल उचला, स्कीम वाढवून देतो." एकदा तर एकाच मॉडेलची इतकी खोकी आली की गोडाउनात अंग चोरून चालावं लागायचं. माल हलला नाही. सहा आठवड्यांनी किंमत उतरली आणि फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यात वळती केल्याचा कागद, यायला पुढची तिमाही उजाडली. आमचं भांडवल अडकलं, दुकानदारांचं अडकलं, पण कंपनीच्या हिशेबात ते फोन केव्हाच गेलेले होते. तिचा वाटा वाढल्याची बातमी आली तेव्हा थप्पी जागची हललेली नव्हती. मला हे आजही खटकतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं की लोकांनी तो फोन पसंत केला.

त्यामुळे एखाददुसऱ्या टक्क्याच्या फरकावर जीव टाकू नका. २०२३ साली आयडीसीच्या हिशेबाने ॲपल २०.१ टक्के आणि सॅमसंग १९.४ टक्के होतं. २०१० नंतर पहिल्यांदाच वर्षाअखेर सॅमसंगखेरीज दुसरं कोणी वर आलं म्हणून बातमी गाजली, पण फरक पाऊण टक्क्याचाही नव्हता. मोजणीची पद्धत थोडी बदलली तरी असा नंबर उलटू शकतो. शिवाय कोणाला कोणात धरायचं हाही घोळ असतोच. वनप्लसचे फोन अनेकदा ओप्पोच्या आकड्यात मिसळलेले असतात. ह्युआवेने नोव्हेंबर २०२० मध्ये ऑनर हा आपला ब्रँड विकून टाकला, तेव्हा ऑनरचा आकडा एका फटक्यात वेगळा झाला.

मोठा वाटाही काय लपवतो ते बघायला आता नोकिया घ्या. १९९८ मध्ये तिने मोटोरोलाला मागे टाकलं आणि २००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर १० फोनांपैकी जवळपास ४ तिचे होते. आकडा पाहून कोणालाही वाटलं असतं की हिला धक्का नाही. २००८ च्या अखेरीस तिचा ५८०० हा टचस्क्रीन फोन आला. सोबत गिटार वाजवायच्या नखीसारखा प्लास्टिकचा तुकडा मिळायचा, कारण पडदा दाब दिल्याशिवाय ओळखायचा नाही. नखाने दाबून दाबून यादी खाली न्यायची. शेजारीच आयफोन होता आणि त्यावर बोट नुसतं फिरवलं की यादी पळायची. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि त्या दिवशी पोटात गोळा आला, कारण आमचा सगळा धंदा नोकियावर उभा होता. तरीही ५८०० भरपूर खपला, आणि आकड्यांत काहीच दिसलं नाही.

दिसणार तरी कसं? नोकिया ११०० सारखा साधा फोन, जो २५ कोटींच्या आसपास विकला गेला, आणि महागडा स्मार्टफोन एकाच राशीत मोजले जात होते. खालून राशी भरत होती, वरून पोखरली जात होती. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं, त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला. मग लोक फोनपेक्षा त्यावर चालणारी ॲपं बघून खरेदी करू लागले. २०१२ मध्ये सॅमसंग पुढे गेलं. २०१४ मध्ये नोकियाचा फोनव्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यापोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरले.

अँड्रॉइड सगळ्यांना खुलं झालं तेव्हा नव्या कंपन्यांना दार उघडलं, पण वेगळेपण टिकवणं फार अवघड झालं. प्रणाली तीच, चिप क्वालकॉम नाहीतर मीडियाटेकची, कॅमेऱ्याचा सेन्सर बऱ्याचदा सोनीचा. मग भांडण उरतं किमतीवर, जाहिरातीवर आणि दुकानातल्या जागेवर. एलजीसारखी मोठी कंपनी यात वर्षानुवर्षं तोटा सोसून २०२१ मध्ये बाहेर पडली. उलट ॲपल जगातले साधारण पाचवा हिस्सा फोन विकून या धंद्यातला निम्म्याहून जास्त नफा घेऊन जातं. सॅमसंग तर या स्पर्धकाला आयफोनचे पडदेही पुरवतं.

कमावलेला वाटा कसा असतो ते पाहायचं असेल तर ट्रान्शन ही चिनी कंपनी बघा. टेक्नो, आयटेल, इन्फिनिक्स हे तिचे ब्रँड. आफ्रिकेत लोक वेगवेगळ्या नेटवर्कची सिमं बाळगतात, म्हणून तिने अनेक सिमांचे फोन दिले. विजेचा भरवसा नाही, म्हणून मोठी बॅटरी. सावळ्या-काळ्या त्वचेचे चेहरे फोटोत नीट यावेत म्हणून कॅमेरा त्या हिशेबाने बसवला. असं गिऱ्हाईक परत त्याच ब्रँडकडे येतं.

वाटा पडला म्हणजे फोन वाईट, असंही नसतं. ह्युआवे ही चिनी कंपनी २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत जगात पहिली होती. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे नव्या फोनवरून गूगलच्या सेवा आधीच गेल्या होत्या, मग चिप मिळेनाशी झाली आणि वर्षभरात ती पहिल्या पाचांतून बाहेर पडली.

तेव्हा फोन घेताना नंबर बाजूला ठेवा. त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे कंपनीने लेखी दिलंय का ते बघा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून गूगल आणि सॅमसंग आपल्या वरच्या फोनांना ७ वर्षं देतात, स्वस्त मॉडेलांना बहुधा कमी. मग त्याच कंपनीच्या दोन-तीन वर्षं जुन्या मॉडेलची बॅटरी आणि पडदा सर्व्हिस सेंटरला मिळतो का, ते फोन करून विचारा. तिथे "मागवावा लागेल, सांगता येत नाही" असं उत्तर आलं, तर मी तो फोन घेणार नाही, मग ती कंपनी पहिल्या नंबरवर का असेना.