वडिलांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी घरच्या घरी संगणकावर कशा घ्याव्यात? यूएसबीवाला वॉकमन घेऊ का?

नका घेऊ. तुमच्याकडे चाळीसेक कॅसेटी आहेत, टू-इन-वनचा बेल्ट गेलाय आणि समोर तो स्वस्त वॉकमन दिसतोय, म्हणून मोह होणं साहजिक आहे. पण तसल्या यंत्रात फीत एकसारख्या वेगाने सरकत नाही. नुसतं बोलणं असेल तर चालून जातं. पेटीचा लांब सूर आला की तो थरथरताना स्पष्ट कळतं. कीर्तनात पेटी असणारच.

त्याऐवजी जुन्या स्टिरिओचा चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारा भाग, शोधा. नातेवाइकांच्या माळ्यावर एखादा निघतोच. बेल्ट रबराचा असतो, सुटा मिळतो आणि रेडिओ-टेप दुरुस्त करणारे जुने कारागीर तो बसवून देतात. या कामात खर्च आणि डोकेफोड करायची ती टेप वाजवणाऱ्या यंत्रावर. संगणकाचा भाग सोपा आहे.

कॅसेट घालण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेत का बघा. नसतील तर मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. फितीखाली स्प्रिंगवर चिकटवलेली फेल्टची छोटी गादी असते, ती जागेवर आहे ना तेही पाहा. गोंद वाळून ती पडते आणि मग आवाज दबका, येत-जात येतो. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली (कोकणातल्या घरांत हमखास) तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बाजूला ठेवा. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत त्याने मोकळी होते. हेड (फीत वाचणारा धातूचा भाग) आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाच्या काडीला तपकिरी रंग लागायचा थांबेपर्यंत पुसा.

आता खरी गोष्ट, जी बहुतेक व्हिडिओंत सांगतच नाहीत. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. हेड फितीला किती काटकोनात टेकतं ते त्यावर ठरतं. देवळात ज्या टेपरेकॉर्डरवर कीर्तन भरलं त्याचं हेड केसभर तिरकं असेल, तर तुमच्या सरळ डेकवर ते धूसर ऐकू येणार. लोकांना वाटतं टेप खराब झाली. टाळ-झांजा चालू असलेला भाग लावा, हेडफोन घाला आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, इकडेतिकडे फिरवा. स्क्रू-ड्रायव्हर चुंबक लावलेला नको. एका जागी झांज एकदम उजळते आणि ‘स’, ‘श’ सुटे ऐकू येतात. तिथे थांबा. डाव्या-उजव्या बाजूंचे आवाज एकत्र करून, म्हणजे मोनोत, ऐकलं तर ही जागा लवकर सापडते. एकाच रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी आधी वेगळ्या काढा, नाहीतर दर कॅसेटला स्क्रू फिरवत बसाल.

डेकच्या लाइन-आउटमधून, म्हणजे मागच्या आवाज बाहेर देणाऱ्या भोकांतून, आवाज घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका. ते बहुधा मोनो असतं आणि माइकच्या क्षीण सिग्नलसाठी केलेलं असतं, त्यामुळे आवाज फाटतो. स्टिरिओ लाइन-इन असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. बेहरिंगरचं यूसीए२०२ यासाठी पुरेसं आहे. आवाज भरायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवा आणि वेव्ह (न दाबलेली, पूर्ण आवाजाची) फाइल करा. सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतपत पातळी ठेवा. ९० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ९५० एमबी लागतात. घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो.

कीर्तनाच्या कॅसेटींत आणखी एक घोळ असतो. रेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरत गेले की फीत हळू सरकायची, म्हणून आज वाजवताना आख्यानाच्या शेवटाकडे बुवांचा आवाज चिरका आणि घाईचा होतो. इथे पेटी उपयोगी पडते, कारण तिची पट्टी मध्येच बदलत नाही. वडील काळी दोनमध्ये गात असतील आणि फाइलमध्ये सूर काळी तीनच्या आसपास येत असेल, तर ऑडॅसिटीत वेग बदलून खाली आणा. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत सुमारे ६ टक्के धरा, काळी दोन ते काळी तीन म्हणजे मधल्या पांढऱ्या धरून तीन पट्ट्या. एवढा फरक सहसा पडत नाही, एखाद्या पट्टीचाच असतो, पण हिशेब तोच. ‘स्पीड’ बदला, नुसता ‘पिच’ नको. वेग आणि सूर दोन्ही एकत्रच बिघडलेत.

खरखर काढण्याचं काम जपून करा. जोरात चालवलं की खरखरीबरोबर टाळांचा खणखणाटही जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ वेव्हला हातच लावू नका. प्रत बनवा, काय कापायचं ते तिथे कापा, आणि घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायला त्यातून एमपीथ्री काढा. बाजू बदलताना अभंग मध्येच तुटला असेल तर जोड लपवायला जाऊ नका, अर्धा सेकंद शांतता ठेवून पुढे जा.

कोणत्या आधी घ्यायच्या? बाजारातल्या छापील कॅसेटी सोडूनच द्या, त्यातलं बहुतेक आज ऐकायला मिळतं. हाताने नाव लिहिलेल्या आधी. त्यातही कुणी मध्येच बोललंय, आशीर्वाद दिलाय, लहान मूल रडतंय अशा पहिल्या. फाइलच्या नावात गाव, साल आणि आख्यान घाला, कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटो सोबत ठेवा. ‘ट्रॅक ०१’ नावाच्या ऐंशी फाइली पुढच्या दिवाळीला तुम्हालाच ओळखता येणार नाहीत.

दुकानदाराकडे द्यायच्याच असतील तर फक्त तुटलेल्या आणि बुरशीवाल्या द्या, आणि एमपीथ्री नको, वेव्हच हवी असं आधी ठणकावून सांगा.