पशुपालकांची पत्रं: पांढरं शिंगरू दोन दिवसांत का गेलं?

प्रश्न : आमची पाच वर्षांची अबलक घोडी आहे. तोंडावर मोठा पांढरा पट्टा, एक डोळा निळा. वरातीला चालते. पांढरं शिंगरू मिळावं म्हणून मुद्दाम अबलक घोड्यालाच लावली. मागच्या महिन्यात व्याली. शिंगरू अख्खं पांढरं, निळ्या डोळ्यांचं. तासाभरात उभं राहिलं, दूध प्यालं. आम्ही पेढे वाटले. रात्री पोट फुगलं, लोळायला लागलं. लीद टाकलीच नाही. दोनदा एनिमा दिला, तेल पाजलं, तरी दुसऱ्या दिवशी सांजच्याला गेलं. आता भावकीतले म्हणायलेत, घोडी खोडीची आहे, माळेगावच्या यात्रेत काढून टाका. आमचं काय चुकलं? घोडी ठेवावी का विकावी?
— एक वाचक, लोहा तालुका, जि. नांदेड

उत्तर : घोडीला खोडीची ठरवण्याआधी तिचे तीस-चाळीस केस तपासा. तुम्ही लिहिलेली लक्षणं 'ओव्हरो लीथल व्हाइट सिंड्रोम' नावाच्या एका जन्मजात दोषाशी तंतोतंत जुळतात. हा दोष प्रामुख्याने अमेरिकन पेंट जातीच्या घोड्यांत आणि त्यांच्याशी नातं असलेल्या रक्तात आढळतो. तुमच्या घोडीत तो आहे का, हे रंगावरून ठरत नाही, चाचणीवरूनच ठरतं.

या दोषात होतं ते असं. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीकडच्या एकाच पेशीगटातून दोन वेगळ्या गोष्टी घडतात: कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्याला हलवणाऱ्या मज्जापेशी. ईडीएनआरबी नावाच्या जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाप या दोघांकडूनही आली, तर तो पेशीगट पुढे सरकतच नाही. म्हणून कातडी पांढरी राहते आणि मोठ्या आतड्यात मज्जापेशी नसतात. आतडं दिसायला अखंड असतं, पण ढकलण्याची ताकद नसलेलं. दूध आत जातं, पुढे सरकत नाही, पोट फुगतं. जन्माच्या वेळी शिंगरू ठणठणीत दिसतं, कारण तोवर आतड्याला काही काम पडलेलं नसतं. अशी शिंगरं साधारण दोन-तीन दिवसांत जातात. शस्त्रक्रियेने किंवा औषधाने हे बरं होत नाही. त्यामुळे एनिमा आणखी एकदा दिला असता तर वाचलं असतं का, हा प्रश्न मनातून काढून टाका. जे ठरायचं ते घोडी लावली त्याच दिवशी ठरलं होतं. चंदी, पाणी, प्रवास यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा तर नाहीच.

मात्र लीद न टाकणारं प्रत्येक शिंगरू याच दोषाचं नसतं. पहिली काळी चिकट लीद अडकणं ही त्याहून फार नेहमीची अडचण आहे, विशेषतः नर शिंगरांत, आणि ती बहुतेकदा एनिमाने सुटते. काही शिंगरांना गुदद्वारच नसतं किंवा आतड्याचा एखादा तुकडा बनलेला नसतो. काहींचं मूत्राशय फुटतं, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगतं. तेल मात्र बाटलीने पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुस निकामी होतं. गरज असेल तर पशुवैद्यकांनी नाकातून नळीनेच द्यावं.

शिंगरू एव्हाना पुरलेलं असेल, त्यामुळे त्याचा नमुना मिळणार नाही, पण त्याने अडत नाही. हा दोष होण्यासाठी आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे जनुकाची एक बिघडलेली प्रत असलेले पण स्वतः निरोगी, असावे लागतात. म्हणून आधी फक्त घोडीची चाचणी करा. ती वाहक नसेल तर हा दोष नव्हता आणि खर्चही तिथंच थांबला. ती वाहक निघाली तर मग घोड्याच्या मालकाला भेटा. भांडायला नव्हे. त्यालाही आपल्या घोड्याबद्दल हे कळायला हवं.

नमुना घेताना आयाळीचे केस बोटाला गुंडाळून एका झटक्यात उपटा. कापलेला केस निरुपयोगी, कारण तपासणी मुळाशी असलेल्या पांढऱ्या गाठीची होते. हात कोरडा हवा, केस कोरडे हवेत. कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन बुरशी धरते. पाकिटावर घोडीचं नाव, रंग, वय आणि तारीख लिहा. केसांवरून ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची त्यातलीच एक. पाठवण्याआधी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, कुठे आणि कसं पाठवायचं ते तिथे सांगतील.

आता हिशेब. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक वेताला चारात एक शक्यता मरणाऱ्या शिंगराची, चारात दोन वाहक पण निरोगी शिंगराची, चारात एक पूर्ण मुक्त शिंगराची. 'एकदा झालं, आता पुढची तीन सुखरूप' असं लोक धरून चालतात, ते चूक आहे. चारात एक हा हिशेब दर वेताला नव्याने सुरू होतो. पण वाहक घोडी वाहक नसलेल्या घोड्याला लावली तर असं शिंगरू होतच नाही. वाहक घोडीची तब्येत, चाल, आयुष्य सगळं धड असतं. म्हणजे घोडी ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त पुढचा घोडा तपासलेला हवा. तो अबलक दिसत नाही म्हणून सुरक्षित आहे असं समजू नका. काही वाहकांच्या अंगावर पांढरं जेमतेम असतं.

पांढऱ्या शिंगराचा हट्ट समजू शकतो, वरातीला मागणीच त्याला आहे. पण त्यासाठी दोन अबलक एकत्र आणायची गरज नाही. नुकरे, म्हणजे गुलाबी कातडीचे जन्मतः पांढरे घोडे, पिढ्यानपिढ्या निरोगी वाढतात. सबजा घोडा जन्मतो गडद आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. जन्मतः पांढरं आहे म्हणून शिंगरू मरणार असंही नाही. पहिल्या दिवसात लीद पडली आणि दूध पिऊन निवांत झोपलं, तर घाबरू नका.

प्रश्न : आमच्या घोडीचं मागचं शिंगरू गेलं तेव्हा ती तीन दिवस खिंकाळत होती आणि कास दगडासारखी झाली होती. आता पुन्हा व्यायला आलीय. देव न करो, पण पुन्हा तसं झालं तर घोडीचं काय करायचं?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी वार. व्याल्यापासून तीन तासांत वार पडायला हवी. लोंबत असेल तर गाठ मारून वर बांधा, म्हणजे पायाखाली येणार नाही. ओढू नका, कापू नका, पशुवैद्यकांना बोलवा (सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी 1962). वार आत राहिली तर गर्भाशयात विष होतं आणि त्यातून खुरांचा दाह सुरू होतो. शिंगराच्या दुःखात हेच विसरलं जातं आणि मग घोडीही हातची जाते.

संसर्गाची शंका नसेल तर मेलेलं शिंगरू लगेच ओढून नेऊ नका. दोन-चार तास तिच्याजवळ राहू द्या. ती हुंगते, नाकाने ढकलते, हळूहळू स्वतःच बाजूला होते. मग हलवा. शेजारी ओळखीची घोडी किंवा शेळी बांधा. खिंकाळणं दोन-तीन दिवस चालतं.

चीक वाया घालवू नका. पहिल्या सहा तासांत स्वच्छ हाताने काढा, स्वच्छ फडक्यातून गाळा, 250 मिलीच्या बाटल्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये उणे 20 अंशांवर ठेवा. वर्षभर कामी येतो. अनाथ शिंगराला पहिल्या आठ-दहा तासांत एक-दीड लिटर चीक लागतो, नंतर आतडं त्यातली प्रतिकारशक्ती कमी-कमी शोषत जातं. वितळवताना भांडं हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात ठेवा, उकळू नका. मागचं शिंगरू जन्मल्यावर पिवळं पडून गेलं असेल, तर या घोडीचा चीक कोणत्याच शिंगराला देऊ नका. तिच्या चिकात शिंगराच्या तांबड्या पेशी फोडणारी द्रव्यं असू शकतात. पंचक्रोशीत अनाथ शिंगरू असेल तर घोडीचं दूध आटवण्याआधी त्याच्या मालकाशी बोलून घ्या.

आटवायची असेल तर आठवडाभर चंदी पूर्ण बंद, फक्त कडबा किंवा वाळलं गवत. पाणी तोडू नका. रोज दोनदा चालवा. कास ताठली तरी पूर्ण पिळू नका, पिळाल तेवढं दूध पुन्हा उतरतं. अगदीच दुखत असेल तर ताण उतरेल एवढंच काढा आणि गार पाण्याचं फडकं लावा. एकच सड गरम, दुधात गुठळ्या किंवा रक्त, ताप 38.6 अंश सेल्सिअसच्या वर, असं दिसलं तर तो कासदाह आहे, आणि आटवणं थांबवून उपचार हवेत.

व्याल्यानंतर सहा ते बारा दिवसांत येणारा पहिला माज सोडून द्या, विशेषतः वार अडकली असेल तर. महिन्याभराने येणाऱ्या माजाला घोडा दाखवा.

आणखी एक, शिंगरू गेलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकांकडून शवविच्छेदन करून घ्या. मोठ्या आणि लहान आतड्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे त्यांच्या दहापट मापाच्या 10 टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवतात. कानाचा छोटा तुकडा वेगळा, बर्फात. यावरून पुढच्या वेताचा निर्णय होतो.

प्रश्न : शिंगरू गेल्यापासून वडील तबेल्यात पाऊलच टाकत नाहीत. नऊ वर्षांचा पोरगा सारखा विचारतो, ते कुठं नेलं?
— एक वाचक, कंधार तालुका

उत्तर : पोराला 'विकलं' म्हणू नका. त्याला खरं कळतं आणि मग तो पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. शिंगरू आजारी जन्मलं, त्याचं आतडं चालत नव्हतं, ते मेलं, आपण त्याला पुरलं, एवढं सांगा आणि जागा दाखवा. त्या जागेची काळजी आधीच घेतलेली असावी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कुत्री उकरतात, म्हणून खड्डा पाच-सहा फूट खोल, वर चुन्याचा थर, त्यावर मुरूम. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब. औषध देऊन शांत मरण दिलं असेल तर कुत्र्या-गिधाडांच्या तोंडी जाऊ देऊ नका, तेही मरतात.

वडिलांना 'विसरा' म्हणून उपयोग होणार नाही. बहुतेक पशुपालकांना सलत राहतं ते मरण नसतं, 'आपण रात्री झोपलो नसतो तर' हे असतं. शवविच्छेदनाचा अहवाल असेल तर त्यांच्यासमोर वाचा, नसेल तर पशुवैद्यकांनाच घरी बोलवून त्यांच्या तोंडून कारण सांगू द्या. आणि खरारा त्यांच्याकडेच ठेवा. आटत असलेल्या घोडीला दिवसातून दोनदा कोणीतरी हात लावायलाच हवा, कासही त्याच वेळी बघून होते.