निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघांनीच आरव्ही (आत झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ॲरिझोना-युटाचं वाळवंट फिरावं का? हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का?

स्वस्त पडत नाही. दिवसाचं भाडं, वर मैलामागे पैसे, गॅलनला आठ-दहा मैल जाणारी गाडी आणि रोजचं कॅम्पग्राउंड. साधं मोटेल आणि छोटी कार यापेक्षा बेरीज जास्तच होते. पैसे वाचवायला निघाला असाल तर नका जाऊ.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "गाडी मीच चालवणार, मिसेसना एवढी मोठी जमणार नाही." खरं तर त्या वाक्यासाठीच मी लिहायला बसले.

हेच आमच्या व्याह्यांनी ह्यूस्टनहून फोनवर ऐकवलं होतं. "विहीणबाई, तुम्ही आपल्या मागे चहा करा." चालत्या आरव्हीत मागे उभं राहून चहा करत नाहीत, पट्टा लावून गप बसायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार! मी काही बोलले नाही. भाड्याचा करार करताना दुसरा ड्रायव्हर म्हणून माझं नाव मात्र हट्टाने घालून घेतलं.

एप्रिलमध्ये फिनिक्सहून 25 फुटी क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची आरव्ही, उचलली. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमपर्यंत (दक्षिण कड्यापर्यंत) ह्यांनीच चालवली, आणि छान चालवली. पुढे डेझर्ट व्ह्यूवरून कॅमेरॉनला उतरलो, 89 नंबरचा रस्ता धरला आणि वारा सुटला. तिकडे वसंतात वारा असतोच, पण कारमध्ये बसून तो कळत नाही. आरव्ही म्हणजे चाकांवरचं कपाट. आडवा झोत आला की अख्खी गाडी सरकते, समोरून ट्रक गेला की आणखी एक धक्का. तासाभरात ह्यांचे खांदे भरून आले. गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "आता तू घे." पेज गावापर्यंत मी नेली. मग पुढेही मीच नेली.

पेजहून कनॅब, माउंट कार्मेल जंक्शन, तिथून डावीकडे युटातलं झायन राष्ट्रीय उद्यान. झायनच्या या पूर्वेकडच्या रस्त्यावर 1930 साली पुरा झालेला बोगदा आहे, मैलाहून थोडा लांब. छत कमानीचं, त्यामुळे उंच गाडी आपल्या लेनमधून गेली तर वरचा कोपरा दगडाला लागेल. आम्ही गेलो तेव्हा 11 फूट 4 इंच किंवा त्याहून उंच, नाहीतर 7 फूट 10 इंच किंवा त्याहून रुंद गाडी असेल तर 15 डॉलरचं परमिट घ्यावं लागायचं. रेंजर, म्हणजे उद्यानाचे कर्मचारी, समोरची वाहतूक थांबवायचे आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध जायचं. आत मिट्ट काळोख, दिव्यात दिसते ती फक्त चाकांमधली पिवळी रेघ. मध्येच खडकात कोरलेल्या मोठ्या खिडक्या येतात आणि क्षणभर समोरचा तांबडा कडा दिसून जातो. मला नाही दिसला, ह्यांना दिसला. बाहेर पडलं की लगेच नागमोडी उतार. गियर खाली घ्यायचा, ब्रेकवर पाय दाबून बसायचं नाही. एका वळणावर मागच्या कपाटाची कडी सुटली आणि तूरडाळीचा डबा गडगडत पुढे आला. हे म्हणाले, "डाळ!" मी म्हटलं, "सांडू दे."

खाली स्प्रिंगडेलला पोहोचल्यावर स्टिअरिंगवरचा माझा फोटो व्याह्यांना पाठवला. एक अंगठा आला. बस.

तेव्हा जावं का, तर जावं. पण चालवायचं दोघांनी. नवरा चालवणार, बायको रांधणार, ही सुट्टी एकट्या नवऱ्याची झाली. आमच्याकडे ज्याने त्या दिवशी गाडी हाकली नाही त्याने संध्याकाळी हातमोजे घालून टाक्या रिकाम्या करायच्या. (आधी संडासाची, तिला काळी म्हणतात, मग सांडपाण्याची करडी.) कुकर न्याच, साउथ रिम 7000 फुटांवर आहे, तिथे नुसत्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. फोडणी बाहेरच्या बाकावर करा, आत केलीत तर धुराचा अलार्म शेजाऱ्यांनाही उठवेल. कॅम्पग्राउंडच्या 30 अँपिअरच्या वीजजोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका.

आता बाकीचं. जून ते ऑगस्टात जाऊ नका. जून भाजून काढतो आणि जुलैपासून पावसाळी पूर. ऑगस्ट 1997 मध्ये पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत अकरा जण वाहून गेले, पाऊस लांब कुठेतरी पडला होता. एप्रिलमध्ये रिमवर रात्री गोठतं, पाण्याचा पाइप काढून ठेवा. उन्हाळी वेळेत नवाजो आदिवासींच्या प्रदेशाचं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, मोबाइल कॅमेरॉन-पेजच्या मध्ये उलटसुलट वेळ दाखवतो. पेजच्या टूर मात्र ॲरिझोनाच्या वेळेवर चालतात. मॉन्युमेंट व्हॅलीच्या 17 मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्ही सोडत नाहीत. 62 किंवा त्याहून जास्त वयाच्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास 80 डॉलरला मिळतो, व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही. आणि मी ज्या बोगद्याचं एवढं कौतुक केलं, तिथून 2026 च्या मध्यापासून मोठ्या गाड्या सोडायच्या नाहीत असं पार्कने जाहीर केलंय, म्हणजे तुम्हाला बहुधा फ्रेडोनिया-हरिकेनकडून वळसा पडेल. निघण्याआधी बघून घ्या.

मिसेसना खरंच चालवायचं नसेल, म्हणजे तुम्ही ठरवलंय म्हणून नव्हे, त्यांनी स्वतः सांगितलं असेल, तर कार आणि मोटेल घ्या. त्या वाऱ्यात 25 फूट एकट्याने ओढू नका.