ऑडिशनला मोजेही आण

‘ताई, मी एकोणीस वर्षांची आहे, जर्मनीत बॅले कंपनीच्या ऑडिशनला येऊ का?’ तुझा हा प्रश्न तीन दिवस डोक्यात घोळतोय. व्हिसा, इन्शुरन्सचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही.

‘स्वान लेक’मधले 32 फुएते, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, तू आरशासमोर घोटत असशील. घोट, पण ते ओडीलचे, त्या काळ्या हंसिणीचे, म्हणजे एकीचे. बाकीच्या आम्ही कडेला रांगेत. पोटरीत गोळा आला तरी हलायचं नाही. तेही बर्लिन, म्युनिक, श्टुटगार्टसारख्या मोठ्या ठिकाणी. छोट्या शहरांतल्या थिएटरांत आता बहुतेक नवीन, समकालीन काम. ऑडिशनला पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट) आणायला लावतात आणि मग वर्षभर मोज्यांवर नाचवतात.

मला ‘ला बायादेर’ एकदाच मिळालं. नृत्यदिग्दर्शक प्येतिपाचं, 1877 चं, आपल्याकडच्या देवळातल्या नर्तकीची गोष्ट. कंपनीत मी एकटी भारतीय, आणि तालमीत मलाच सांगितलं, हात जरा अजून भारतीय कर! केले. पण त्यातच उतारावरून एकामागून एक छाया, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे, उतरतात, प्रत्येकीचा तोच अराबेस्क, एक पाय मागे ताणून, पुन्हा पुन्हा. पहिलीला सगळ्यात जास्त करावे लागतात. मी सातवी होते. त्या संध्याकाळी आठवल्या की अजून पाय आपोआप ताणला जातो.

करार मात्र नीट वाच. माझा एकेका सीझनचा होता. 31 ऑक्टोबरपर्यंत ‘पुढे नाही’ असं पत्र आलं नाही तर आपोआप पुढे चालू. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास पत्रपेटी उघडताना धडधडायचं. एकाच थिएटरात 15 वर्षं भरली की काढता येत नाही, म्हणून त्याच्या आतच अनेकांना नारळ मिळतो. मला सहाव्या सीझनला मिळाला, नवीन डायरेक्टर आले म्हणून. आधी बोलावून आपलं म्हणणं ऐकून घेतात, तसा नियमच आहे. माझं काही म्हणणं नव्हतं.

लेक तेव्हा चौथीत. इथे बहुतेक राज्यांत चौथीतच ठरतं, मूल गिम्नाझियुमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार, की दुसऱ्या शाळेत. तो हिवाळा मी ट्रेनने ऑडिशन देत फिरले. बाईंनी बोलावलं. घरी जर्मन बोलत नाही म्हणून शिफारस दुसऱ्या शाळेची. आमच्या राज्यात शेवटचा शब्द पालकांचा असतो, हे मला माहीत होतं. तरी मी मान हलवली. स्टुडिओत शब्द फ्रेंच, गप्पा इंग्रजीत. इतक्या वर्षांत माझं जर्मन बेकरीपुरतंच राहिलं होतं. बाई चुकल्या, असं मी सगळ्यांना सांगते.

तेव्हा पॉइंट शूजआधी जर्मन शीक. एकटेपणाचं विचारलंस. सकाळी दहाला क्लास असतो, त्यात भागतं.

लेक आता सोळाची आहे. घरी येणारी सरकारी पत्रं तीच मला वाचून दाखवते, मराठीत.