दोन विमानतळांमधलं अंतर भागिले विमानाचा वेग केलं तरी तिकिटावरची वेळ का जुळत नाही?

लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे उदाहरण घेऊ. अंतर साधारण ५,५४० किमी, विमान ताशी ९०० धरलं तर सहा-सव्वासहा तासात पोचायला हवं, आणि प्रत्यक्षात जाताना आठ तासांच्या आसपास लागतात आणि येताना सात. गणित बरोबरच आहे, पण त्यात वारा धरलेलाच नाहीये.

विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साइटवरचं अंतर म्हणजे दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घेऊन गोल पृथ्वीवरून काढलेला सगळ्यात जवळचा रस्ता, बस. (सपाट नकाशावर ती रेघ वाकडी दिसते, प्रत्यक्षात तीच जवळची असते.) पण ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या हिशोबाने असतो आणि ती हवा स्वतःच पळत असते, ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, ताशी १५०-२०० किमी तर सहज, हिवाळ्यात अजून जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० च्या वर गेला होता. तेव्हा बऱ्याच जणांनी ध्वनीचा वेग मोडला म्हणून फॉरवर्ड केलं, तसं काही नव्हतं, हवेच्या तुलनेत ते नेहमीसारखंच उडत होतं. त्यामुळे पायलट लोक किमी कमी असलेला रस्ता धरतीलच असं नाही, वारा बघून लांबून गेलं तरी लवकर पोचता येतं.

दुसरं म्हणजे तिकिटावरची वेळ गेटवरून निघाल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतची असते. विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत चालत जाणं (टॅक्सी), रनवेची रांग, उतरायच्या आधी घिरट्या, सगळं त्यात, शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडी जास्तच धरतात.

आणि हवाई हद्द बंद असेल तर अंतराला काही अर्थच उरत नाही. हेलसिंकी-टोकियो आधी साडेनऊ तासांच्या आसपास होतं, २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर ते १३ तासांवर गेलं. विमानतळ जागचे हलले नाहीत!

मी अंदाज काढताना अंतर भागिले ८५० करतो, वर अर्धा-पाऊण तास, आणि लांबचं पूर्व-पश्चिम असेल तर दिशेप्रमाणे तासभर कमी-जास्त. अगदी जवळच्या फ्लाइटला हे चालत नाही, स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रेचं अंतर तीन किमीसुद्धा नाही, दोन मिनिटांत संपतं. पक्कं हवं असेल तर फ्लाइटरडार२४ वर (विमानांचा माग दाखवणारी साइट) त्याच फ्लाइट नंबरचे मागचे काही दिवस बघा, आणि पुढे कनेक्टिंग असेल तर सगळ्यात उशिरा पोचलेला दिवस धरा.

हां, आणि तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, सरळ वजाबाकी करू नका, टोकियोहून संध्याकाळी निघून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरता येतं.