कोरीदोला पोवाडा म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: मेक्सिकोच्या लोकसंगीतावरील लेखाचा मराठी अनुवाद करताना ‘कोरिडो’ या कथा सांगणाऱ्या गाण्यासाठी ‘पोवाडा’ आणि तो गाणाऱ्यासाठी ‘शाहीर’ हे शब्द वापरले तर चालेल का?

आधी उच्चार. ‘कोरिडो’ हे इंग्रजीच्या वाटेने आलेले रूप आहे. स्पॅनिशमध्ये ‘ड’ नाही, मऊ ‘द’ आहे, आणि ‘र’ चांगला घोळवून म्हणतात, जवळजवळ ‘कोर्रीदो’. लिहिताना ‘कोरीदो’ पुरे. ‘कोरीदा’ मात्र लिहू नये, ती बैलझुंज. दोन्ही शब्द ‘कोर्रेर’ म्हणजे धावणे या क्रियापदापासून आलेले असल्याने गफलत सहज होते. कोरीदो म्हणजे ‘धावलेला’. पण ‘धावता आढावा’ म्हणताना आपल्या मनात जी घाई असते, ती इथे नाही. न थांबता, सलग म्हटलेली कथा, असा अर्थ आहे. कडव्यामागून कडवे त्याच चालीवर जाते, मध्ये धृपद बहुधा नसतेच.

पोवाड्याशी नाते जवळचे आहे, हे खरेच. दोन्हींत घडलेली गोष्ट गाऊन सांगतात, दोन्हींत लढाया आहेत. हॅरी ॲक्वर्थ यांनी १८९४ मध्ये आपले पोवाडे इंग्रजीत नेले तेव्हा त्यांना ‘बॅलड’ म्हटले, आणि कोरीदोलाही इंग्रजीत तोच शब्द लावतात. म्हणून दोन्ही एकच, असे वाटू लागते. मला ते पटत नाही. पोवाडा म्हटले की डफ-तुणतुणे, झीलकऱ्यांची ‘जी जी रं जी’ आणि पराक्रमाची थोरवी कानात उभी राहते. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आठवा, त्यात कवीचे नाव आहे. जुन्या कोरीदोंचे रचनाकार बहुतेक अज्ञातच. पहिल्या कडव्यात अनेकदा साल आणि गाव येते, शेवटी गाणारा श्रोत्यांचा निरोप घेतो, या निरोपाच्या कडव्याला ‘देस्पेदीदा’ म्हणतात. मधला भाग बातमीसारखा. एकेकाळी त्या बातम्याच होत्या: मेक्सिको शहरात वानेगास आरोयो यांच्या छापखान्यातून अशी गाणी एकेका कागदावर छापून स्वस्तात विकली जात, आणि अनेकांवर होसे ग्वादालुपे पोसादा यांची चित्रे असत.

नायकही वेगळा. कोरीदोत राजा क्वचितच असतो. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीतले नेते विया आणि सापाता आहेत, पण अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरचा खरा नायक म्हणजे सरकार ज्याच्या मागे लागले आहे असा साधा माणूस. ग्रेगोरिओ कोर्तेस हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. १२ जून १९०१ रोजी टेक्सासमध्ये एक शेरीफ (तिथला पोलीस अधिकारी) घोडेचोराच्या शोधात त्याच्या घरी आला. दुभाष्याने स्पॅनिशमध्ये विचारले, घोड्याचा व्यवहार केलास का? कोर्तेस म्हणाला, नाही. ते खरेच होते, कारण व्यवहार घोडीचा होता. स्पॅनिशमध्ये घोडा ‘काबायो’ आणि घोडी ‘येग्वा’. इंग्रजी कानाला हा फरक जाणवलाच नाही. मराठी माणसाला मात्र तो सांगावा लागत नाही, आपणही ‘घोडा दिलास का?’ला घोडी दिली असताना ‘नाही’च म्हणू. उत्तर खोटे ठरले, गोळ्या झाडल्या गेल्या, कोर्तेसचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मेला. पुढचे दहा दिवस शेकडो माणसे कोर्तेसच्या मागावर होती. तो सरहद्दीवरच्या लारेडो शहराजवळ सापडला, तुरुंगात गेला आणि १९१३ मध्ये गव्हर्नरच्या माफीने सुटला. लोकसाहित्याचे अभ्यासक आमेरिको पारेदेस यांनी १९५८ मध्ये या एका कोरीदोवर अख्खे पुस्तक लिहिले. एका शब्दाच्या चुकीतून जन्मलेल्या या गाण्याच्या प्रकारालाच आपण चुकीचे नाव द्यावे, हे मला फार खटकते.

म्हणून ‘कोरीदो’च लिहावे. पहिल्यांदा येईल तिथे ‘पोवाड्याच्या जवळचे मेक्सिकन कथागीत’ एवढी ओळख द्यावी. शब्द पुल्लिंगी ठेवावा, स्पॅनिशमध्येही तो तसाच आहे. फोटोप्रमाणे चालवावा: एक कोरीदो, चार कोरीदो, कोरीदोचा, कोरीदोत. ‘कोरीदोस’ हे स्पॅनिश अनेकवचन नको.

गाणाऱ्यासाठी ‘शाहीर’ही नको. स्पॅनिशमध्ये ‘कोरीदिस्ता’ आहे, रचणाऱ्यालाही आणि गाणाऱ्यालाही. मराठीत ‘कोरीदो रचणारा’, ‘कोरीदो गाणारा’ असे सुटे लिहिले तर अर्थ अधिक स्वच्छ राहतो. उत्तर मेक्सिकोतला ताफा म्हणजे ‘कोन्हुंतो’. त्यात बटणांचा अकॉर्डियन (आपल्या पेटीचा भाऊबंदच, दोन्हींत हवेने पत्त्या वाजतात) आणि बाहो सेक्स्तो ही बारा तारांची जाड आवाजाची गिटार. मेक्सिकोतल्या सिनालोआ राज्याचा ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ हा ताफा याच वाद्यांवर जगभर पोचला. अलीकडच्या ‘कोरीदो तुंबादो’ या नव्या प्रकारात अकॉर्डियन बहुधा नसतो, गिटारी आणि पितळी वाद्ये असतात. तिथे तर डफ-तुणतुण्याची आठवण करून देणारा शब्द आणखीच परका वाटेल.