शेऱ्याचा रकाना

प्रिय मुला,

परवा रात्री सव्वाअकराला तुझा फोन आला तेव्हा मी जागाच होतो. तू बोललास थोडं, गप्पच जास्त राहिलास. सूनबाईला गरोदरपणाचा चौतिसावा आठवडा, बीपी १४६/९४, लघवीत प्रोटीनचा एक प्लस, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार. बीपीची गोळी सुरू झाली, पुढची तपासणी चार दिवसांनी. आणि मग म्हणालास, "काका, जे काही चाललंय ते तिच्या अंगात चाललंय. मी नुसता शेजारी बसून असतो. मी करू तरी काय?"

त्या प्रश्नावर मी तेव्हा नीट बोललो नाही. आज लिहितो.

सगळं छान होईल, धीर धर, असं सांगणारे तुझ्या घरात पुष्कळ आहेत. मी कामाचं सांगतो. एक दोनशे पानी वही आण. पानावर चार रकाने आख. तारीख, वेळ, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेव.

मी एकतीस हंगाम साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढले, हे तुला माहीत आहे. तिथं दर तासाला लॉगशीट भरायची असते. वाफेचं प्रेशर, ड्रममधली पाण्याची पातळी, फीड वॉटरचं तापमान, आणि शेवटी शेरा. नवं पोरगं शेऱ्यात वरपासून खालपर्यंत 'ठीक, ठीक' लिहीत जातं. मुरलेला माणूस लिहितो, 'फॅनचा आवाज बदललाय.' काटा अजून जागेवर असतो. आवाज आधी बदलतो. हे मी कितीतरी पोरांना शिकवलं, आणि माझ्याच घरात विसरलो.

जानेवारी १९९८. गाळप ऐन भरात होतं, रजा मागायची सोय नव्हती. काकूला आठवा महिना. उपकेंद्रातल्या सिस्टर बीपी मोजून कार्डावर लिहून द्यायच्या. ते कार्ड घरी यायचं आणि पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली जायचं. मी एकदाही उघडून बघितलं नाही. बायकांचं काम, बायका बघतील.

तीन दिवस ती सांगत होती. पहिल्या दिवशी म्हणाली, "अंगठी निघत नाही बोटातून." मी म्हणालो, आठव्यात सूज येतेच. दुसऱ्या दिवशी, "डोकं ठणकतंय, थांबतच नाही." मी बामची डबी पुढं केली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चारच्या पाळीला निघालो होतो, सायकलचं कुलूप काढत होतो, तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "भिंतीवर काजवे चमकल्यागत दिसतंय. आणि इथं, उजव्या बरगडीखाली, कुणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं होतंय." मी म्हणालो, "पित्त असेल. लिंबूपाणी घे आणि पड जरा."

रात्री नऊची नोंद करून पेन खिशाला लावतोय तोच गेटवरून निरोप आला. तोवर मी पाच नोंदी केल्या होत्या. पाचही वेळा शेरा एकच, ठीक.

तिला घरी आकडीचा झटका आला होता. दुसरा जीपमध्ये आला, माझ्या मांडीवर. दातांत जीभ सापडली होती, ओढणीभर रक्त होतं. बेचाळीस किलोमीटरवर सिव्हिल. तिथं तिला झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट दिलं, आधी शिरेतून सावकाश, मग दोन्ही बाजूंना कुल्ल्यात. काकू वाचली. मुलगी पहाटे झाली. सतराशे ग्रॅम. रडली नाही.

आठ दिवसांनी मी पेटी उघडली. कार्डावर तीन आकडे होते. ११८/७६. १३२/८४. १४४/९२. शेवटच्या आकड्यापुढं सिस्टरनं तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'मोठ्या दवाखान्यात दाखवा.' त्या तारखेला अठरा दिवस उलटून गेले होते. म्हणजे मोजलं गेलं होतं, लिहिलंही गेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. आणि तिनं तीन दिवस तोंडानं सांगितलं ते तर कुणी लिहिलंसुद्धा नव्हतं.

म्हणून शेरा लिही. हेच सांगायला हे पत्र आहे, आणि मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आता तुझ्या घरातल्या गोष्टी. तुझी आत्या म्हणते, टेन्शन घेतलं म्हणून बीपी वाढलं. नाही. हा आजार वारेपासून, म्हणजे प्लासेंटापासून, सुरू होतो. पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, त्या अरुंद राहतात. वारेला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि तिथून आईच्या रक्तात अशी द्रव्यं सुटतात की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणून डोकं, डोळे, यकृत, मूत्रपिंड, सगळीकडं त्रास दिसतो. बरगडीखालची ती मूठ म्हणजे यकृत. मी त्याला पित्त म्हणालो होतो. तेव्हा सूनबाईला 'तू फार विचार करतेस' असं घरात कुणीही म्हणता कामा नये. तिनं काही केलेलं नाही. अळणी जेवण देऊनही हे जात नाही, आणि दिवसभर झोपवून ठेवूनही नाही. गोळी बीपी आवरते, आईचा मेंदू सांभाळते. आजार उतरायला लागतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावर.

म्हणूनच डॉक्टर सदतिसाव्या आठवड्याचं बोलतायत. चाललंय तसं चाललं तर सदतीसपर्यंत बाळाला आत वाढू देतात, बिघडलं तर आधीच काढतात. 'सिझरसाठी घाबरवतायत' हे वाक्य तू फोनवर दोनदा म्हणालास. ते तुझं नाही, तुझ्या मोठ्या मेहुण्याचं आहे, हे मला आवाजावरून कळलं. नुसत्या बीपीसाठी सिझर ठरलेलं नसतं, कळा आणूनही बाळंतपण करतात. शंका असेल तर डॉक्टरांनाच तोंडावर विचार, वही उघडून विचार. मेहुण्याला विचारून काय होणार?

आणि कुणी म्हणालं की सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, तर तिथून उठून जा. माझ्या आईनं तेच म्हणून माझी मुलगी देवाच्या हिशोबात टाकली होती. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यानं मुलगी नेली नाही. लिंबूपाण्यानं नेली.

मोजायचं कसं ते नीट कर. तू पाठवलेल्या फोटोत ती पलंगावर पाय लोंबकळत ठेवून बसलीय आणि टीव्ही चालू आहे. असा आकडा मला नको. पाठीला टेकू, पाय जमिनीवर टेकलेले, दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. आधी पाच मिनिटं शांत, चहा घेऊन लगेच नाही, मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी. १४०/९० च्या वर आहे हे आता माहीतच आहे. वरचा १६० किंवा खालचा ११० दिसला तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोज, आणि तरीही तोच असेल तर गाडी काढ. सकाळची वाट बघायची नाही.

पण १६० ची वाट बघत बसू नकोस. हे तुला कळायलाच हवं, म्हणून जरा रागानं लिहितो. आकडा फार वर गेलेला नसतानाही झटका आलेल्या बायका आहेत. काटा जागेवर, आवाज बदललेला. थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली दुखणं, धाप, एकदम चेहऱ्यावर आलेली सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं एकही तिच्या तोंडून आलं की आकडा १३८ असला तरी निघायचं. तू मला रात्री अकरा स्क्रीनशॉट पाठवलेस. कुठल्या कुठल्या देशातल्या बायकांना काय झालं ते तू दोन वाजेपर्यंत वाचतोस, आणि शेजारी झोपलेली काय म्हणाली ते विचारलं तर तुला आठवत नाही. मी विचारलं होतं, "काल जेवली का नीट?" तू म्हणालास, "बहुतेक." बहुतेक हा शेरा नाही.

माहेरचं काय ते ठरव. डोहाळजेवण झालं, आता रीतीप्रमाणं तिला न्यायला येतील. तिची आई चांगली बाई आहे, तिच्या हातचं जेवून सूनबाईला बरंही वाटेल. पण त्या गावापासून रक्तपेढी आणि बाळासाठी काचेची पेटी असलेला दवाखाना पावणेदोन तासांवर आहे, हे तूच सांगितलंस. १०८ ला फोन केला तरी गाडी यायला वेळ, न्यायला वेळ. जीपमधले ते बेचाळीस किलोमीटर मी अजून मोजतो. आईलाच इकडं बोलाव. रुसतील, रुसू देत.

मीही रुसवे घेतलेत. २००१ च्या हंगामात काकूला पुन्हा दिवस गेलेले. तिसाव्या आठवड्यात बीपी चढायला लागलं, तेव्हा मी बिनपगारी रजा टाकली, तालुक्याला दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आणि हिला तिथं नेऊन ठेवलं. डिस्पेन्सरीतल्या सिस्टरकडून पाऱ्याचं यंत्र वापरायला शिकलो. कानात नळ्या घालून ठोक कुठं सुरू होतो, कुठं बुजतो, हे ऐकायला मला चार दिवस लागले. त्या रजेपायी माझी चार्जमनची जागा गेली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. भाऊ म्हणाला, बायकोच्या पदराला बांधलाय. अजूनही लग्नकार्यात कुणीतरी म्हणतंच, यानं उगाच बाऊ केला होता, होतात की बाळंतपणं. मी त्यांना उत्तर देत नाही. तुला देतो. बाऊ नव्हता. मी बरोबर होतो. परत ती वेळ आली तर परत तेच करीन, जागा गेली तरी.

एका गोष्टीत मात्र चुकलो, ती सांगतो. पहिले पंधरा दिवस मी दर दोन तासांनी पट्टा बांधायचो. रात्री उठवून मोजायचो. शेरासुद्धा मीच लिहायचो, 'चेहरा बरा', 'झोप ठीक'. एक दिवस तिनं पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी बॉयलर नाही. मला काय होतंय ते मला विचारा." मी तसाच उभा राहिलो. मग वही तिच्यापुढं ठेवली. त्या दिवसापासून आकडा मी लिहायचो, शेरा ती.

वही आहे अजून. तिचं अक्षर तिरकं, ओळ सोडून खाली जाणारं. 'आज दुपारी बाळ कमी हललं, जेवल्यावर हललं.' 'बाहेर फुगेवाला आला, बरं वाटलं.' 'पहिलीची आठवण आली, रडले, डोकं त्यानं दुखत असेल.' आणि छत्तिसाव्या आठवड्यात, आकडा १५२/९८, पुढं शेरा: 'दिव्याभोवती कडं दिसतंय. कालच्यासारखं नाही.' मी ते वाचलं आणि चप्पल शोधली. वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. मुलगा त्याच रात्री झाला, तेवीसशे ग्रॅम, आणि दोन खोल्यांपलीकडं ऐकू जाईल असा रडला.

तेव्हा वही तू आण, पेन तिच्या हातात दे. ती 'काही नाही' लिहील, तेही लिहू दे. ती मुद्दाम लपवतेय असं वाटलं तर ओरडू नकोस. बायका सांगत नाहीत, कारण आपण पित्त म्हणतो. आधीच्या महिन्यांची कार्डं, रिपोर्ट, सगळं वहीच्या मागे लाव, आणि तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांपुढं वही उघडी ठेव. रक्ततपासणीतले प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन यांचे आकडेही लिहून घे. प्लेटलेट लाखाच्या खाली जाणं म्हणजे काय, हे डॉक्टरांकडून समजून घे. रजा बाळ झाल्यावर घेऊ म्हणतोस. काही आता घे. कंपनी तुझ्यावाचून चालेल.

बाळ झालं की पेढे वाटून वही कपाटात टाकू नकोस. लोक इथंच फसतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं, आणि बाळंतिणीलाही झटका येऊ शकतो. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, सगळे बाळाच्या पाळण्याभोवती, आणि ती आतल्या खोलीत कपाळ दाबून बसलेली. सहा आठवडे शेरा चालू ठेव. त्यानंतर दरवर्षी तिचं बीपी तपासून घे, कारण ज्यांना गरोदरपणी हे झालं त्यांना पुढं बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायचा संभव जास्त असतो. काकू आता दोन गोळ्यांवर आहे. आकडा मीच लिहितो.

पुढच्या वेळी दिवस राहिले तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, काहींना बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ते पुढचं पुढं.

रविवारी आम्ही दोघं येतोय. काकू डिंकाचे लाडू करायला निघाली होती, मी म्हटलं बाळंतपण होऊ दे आधी. तिला सूनबाईशी एकटीनं बोलायचंय, तेव्हा तू मला घेऊन बाहेर जा, कुठंही.

आज रात्री दहाला मोज. आकडा मला पाठव, आणि त्याच्याखाली ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत. मी झोपलो असेन असं समजून थांबू नकोस.

तुझा,
काका